न मारलेली उडी

मल्लखांब शिकवणारा माणूस भेटला की लोक पहिला प्रश्न विचारतात, "काहो मास्तर, पोरं पडत नाहीत का?" पडतात. झाडावर चढणारी पडतात, बैलगाडीतून उतरणारी पडतात, तर एरंडेल चोपडलेल्या लाकडावर उलटी लटकणारी पडणारच. अमरावतीला मी दिवसा एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो आणि संध्याकाळी एका व्यायामशाळेत मल्लखांब, लेझीम आणि लाठी शिकवायचो. नोकरीतून सुटलो त्याला आता बराच काळ झाला. पडलेली मुलं मला एकूण एक आठवतात. त्यातल्या एकाच्या पडण्यात माझा हात होता. आज त्याच्याविषयीच लिहायचं आहे, कारण त्या मुलानं पुढे मला जे शिकवलं ते कुठल्या वस्तादाकडून मी शिकलो नव्हतो.

ज्यांनी मल्लखांब पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सागाचा किंवा शिसवीचा खांब जमिनीत पक्का रोवतात. खाली जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि तिच्यावर गोल बोंड. आमच्या वऱ्हाडात बोंड म्हटलं की कापूसच आठवतो, पण हे बोंड लाकडाचं, आणि त्यावर पोरगं एका पायानं उभं राहतं. मुळात हा पहिलवानांचा सरावाचा जोडीदार. तो दमत नाही, बोलत नाही आणि चुकीला माफी देत नाही. म्हणून खालची माती रोज फावड्यानं खणून भुसभुशीत ठेवायची, हे शिकवणाऱ्याचं पहिलं काम. दुसरं काम पाहण्याचं. फाटकातून आत येताना पोरगा पाय ओढतो का, रोज बडबडणारा आज गप्प का, उंची वाढली पण ताकद मागे राहिली का. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत. काल जमलेली पकड आज सुटते आणि त्याला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलं. तेव्हा त्याला सांगावं लागतं, बाबा रे, तू वाढतो आहेस, थोडं थांब. हे सगळं मी आता शहाण्यासारखं लिहितो आहे. उमेदीच्या काळात मला यातलं निम्मंही सुचत नव्हतं.

गिऱ्हाइकंही तशीच भेटायची. एका जिनिंगवाल्या शेठजींनी आपल्या गुबगुबीत चिरंजिवांना माझ्यापुढे उभं केलं. म्हणाले, "मास्तर, याचं लगन ठरलं हाय. तीन मयन्यात याले पहिलवान करून द्या."

मी म्हटलं, "शेठजी, कपाशी पेरल्यावर किती महिन्यांनी वेचणी येते?"

"पाच-सहा."

"मग पोराला तीन कसे पुरतील?"

शेठजी खूप हसले. चिरंजीव चार दिवस आले, पाचव्या दिवशी दिसले नाहीत. पुढे वरातीत घोड्यावर मोठ्या ऐटीत बसलेले पाहिले. तालीम झाली ती घोड्याची.

शेठजींना मी हसलो खरा, पण घाई मलाही कमी नव्हती. मनोहर नावाचा एका वकिलांचा मुलगा अकराव्या वर्षी माझ्याकडे आला. अंग रबरासारखं, भीती नावाला नाही. जे इतरांना वर्षात येत नव्हतं ते त्याला महिन्यात यायचं. मी त्याला हातातल्या अंगठीसारखा मिरवला. गणेशोत्सव असो, शाळेचं संमेलन असो, कोणाचा सत्कार असो, मनोहरला खांबावर चढवायचाच. त्याला ताप असतानाही एकदा चढवला. पंधराव्या वर्षी तो एका संध्याकाळी आला, लंगोट आणि पंचा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्तर, मला आता याचा वासही सहन होत नाही." तो एरंडेलाविषयी बोलत होता. पुढे तो व्यायामशाळेच्या रस्त्यानंसुद्धा गेला नाही. त्याचं नुकसान मी केलं हे कळायला मला आणखी एक मुलगा लागला.

तो पुंडलिक. चांदूर बाजारच्या माळ्याचा मुलगा. घरचा वांगी-मिरचीचा मळा, त्याचा मामा अमरावतीच्या भाजीबाजारात बसायचा. शिकायला म्हणून मामाकडे राहायला आला आणि माझ्या ड्रिलच्या वर्गात पडला. तेराव्या वर्षीच तळहाताला घट्टे पडलेले. मोटेचा दोर ओढून खांदे भरलेले, पण लाकडासारखे ताठ. मल्लखांबाला लवचिक अंग लागतं. या पोराला साधी अढी घालायला, म्हणजे दोन्ही पायांनी खांब धरून लटकायला, दोन महिने लागले. इतर पोरं हसायची. तोही त्यांच्यासोबत हसायचा आणि पुन्हा हाताला माती लावायचा.

एक मात्र होतं. तो विचारायचा. "मास्तर, उजवा पाय आधी काहून? डावा घातला तं काय होते?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घालून पाहा." त्यानं घातला, खाली घसरला, बसल्या जागी थोडा विचार केला आणि म्हणाला, "हां. कंबर उलटी जाते." त्या दिवसापासून त्याचा उजवा पाय कधी चुकला नाही. हळूहळू शिकला, पण शिकलेलं कधी विसरला नाही. अडीच वर्षांत तो माझ्या चांगल्या चार मुलांत येऊन बसला.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठा साहेब यायचा तो नागपूरहून यायचा. असाच एक साहेब अमरावतीला येणार, त्याला देशी व्यायाम दाखवायचे असं ठरलं. मैदानात खांब नव्यानं रोवला. साहेबाच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून मंडळींनी सगळ्या जमिनीवर पाणी मारलं आणि जड लाकडी धुमसानं चोपून ती ओट्यासारखी गुळगुळीत केली. खांबाखालचीसुद्धा. मी सकाळी ते पाहिलं. टाचेनं दाबून पाहिलं, टाच रुतली नाही. फावडं मागवायचं सोडून मी मनात म्हटलं, मुलं तयार आहेत, काही होत नाही.

उलटी उडी ही आमच्या खेळाची शेवटची मेजवानी. बोंडावर उभं राहायचं, मागे हवेत कोलांटी घ्यायची आणि जमिनीवर दोन पायांवर उतरायचं. पुंडलिकाची उडी तेव्हा कच्ची होती. सरावात मी खाली उभा राहून त्याच्या कमरेला हात देत होतो. ज्या मुलाची पक्की होती तो नेमका आदल्या दिवशी आजारी पडला. साहेब खुर्चीवर बसलेला, मागे शहरातली सगळी बडी मंडळी. मी पुंडलिकाच्या कानाशी गेलो. "मारशील ना?"

त्यानं खाली जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हनता तं मारतो."

कोलांटी अपुरी राहिली. तो उजव्या हातावर आला. पण आला तसाच ताडकन उठला आणि डाव्या हातानं सलाम केला, कारण खेळ संपला की सलामी द्यायची हे मीच शिकवलं होतं. साहेबाला वाटलं, उतरायची हीच तऱ्हा असावी. त्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्या मैदानानं वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्याचा उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळलेला दिसला.

सिव्हिल सर्जननं हाड बसवून पट्ट्या बांधल्या. मामा म्हणाला, मी घरी निरोप धाडतो. पण निरोपानं भागण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मीच चांदूर बाजारला गेलो.

मळ्यात पुंडलिकाचे वडील वांग्याला पाणी देत होते. त्यांनी ऐकलं, पाणी वळवायचं फावडं हातातच राहिलं, पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं. आई मिरच्या तोडत होती. ती ओटीतल्या मिरच्या टोपलीत रिकाम्या करून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाड मोडलं ते ठीक हाय, मास्तर. हाड जुळते. मले एक सांगा. त्याले ते उडी येत नव्हती, हे तुमाले मालूम होतं का नव्हतं?"

येताना मोटारीत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. नशीब, अपघात, देवाची कृपा थोडक्यावर निभावलं. त्यातलं एकही तोंडाला आलं नाही. मी म्हटलं, "मालूम होतं."

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर खोटं नाई बोलला." आणि मला म्हणाली, "हात बरा झाला का पोराले आमी तुमच्याकडंच धाडतो. पन पुढच्या टायमाले त्याले इचारजा. अन तो नाई म्हनला तं नाई. पोरगं आमी तुमाले वाढवाले देल्लं हाय, दाखवाले नाई."

मी कितीतरी मोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. व्यायामशिक्षणावर याहून मोलाचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

हात जुळला. दिवाळीनंतर पुंडलिक परत आला. पहिल्या संध्याकाळी त्यानं खांबाला नमस्कार केला, तळहात लाकडावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. पाय जमिनीवरून सुटेनात. कपाळावर घाम. मी म्हटलं, "राहू दे." दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवस तेच. जुना मी असतो तर ओरडलो असतो, चिडवलं असतं, "बायकी आहेस का" असंही म्हटलं असतं. आमच्या पिढीचे वस्ताद तसंच शिकवायचे आणि त्याला धीर देणं म्हणायचे. मी रोज एवढंच विचारायचो, "आज चढणार?" तो म्हणायचा, "आज नाई." मी म्हणायचो, "बरं," आणि त्याला दुसरं काम द्यायचो. सकाळी वडाळीच्या तलावापर्यंत पळत जाऊन यायचं. लहान मुलांची लेझीम घ्यायची. खांबाखालची माती खणायची. हे शेवटचं काम त्यानं स्वतःच मागून घेतलं. तो ती इतकी मऊ करायचा की घोट्यापर्यंत पाय जायचा.

असे तीन-चार महिने गेले. एकदा माती खणता खणता तो आपणहून बोलला.

"मास्तर, मले पडाचं भेव नाई वाटत."

"मग?"

"मी पडलो, कटकन आवाज आला, मलेच ऐकू आला. अन लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते." त्यानं फावड्यानं एक ढेकूळ फोडलं. "तुमीबी वाजवल्या."

मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं. म्हटलं, "हो. मी वाजवल्या. मला दिसलंच नाही. मी तुझ्याकडे पाहत नव्हतो, साहेबाकडे पाहत होतो."

त्यानं मान हलवली. रागावला नव्हता. त्याला बहुधा एवढंच ऐकायचं होतं. त्या आठवड्यात मी एक नियम केला: सरावाच्या वेळी बघे आत नाहीत, व्यायामशाळेच्या मंडळाचे चिटणीस असले तरी नाहीत. चिटणीस फुगून बसले. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या विचारण्याआधीच पुंडलिक खांबाला वेढा घालून दोन हात वर सरकला, लगेच खाली उतरला आणि लहान मुलांत जाऊन बसला. मी काही बोललो नाही. टाळी तर नाहीच.

मग त्यानं सगळं पहिल्यापासून घेतलं, लहान पोरांच्या बरोबरीनं, त्यांना शिकवत शिकवत. कोणाची पकड का सुटते हे त्याला माझ्याआधी दिसायचं. एखादं पोर रडलं तर तो त्याला गप्प करत नसे. बाजूला बसवून विचारायचा, "कुठी दुखते? का नुसता राग आला?" पोर सांगायचं, "राग आला." "मंग राग आधी उतरू दे. खांब कुठी पळून नाई चालला." दोन वर्षांत त्याची स्वतःची उलटी उडी इतकी स्वच्छ झाली की उतरताना मातीत दोन पावलं उमटायची, तिसरी खूण नाही. एकोणिसाव्या वर्षी तो आमच्या चमूचा पुढारी झाला.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत अकोल्याला वऱ्हाडातल्या व्यायामशाळांचा मेळावा भरला. अकोला माझं जन्मगाव. माझे वस्ताद गणपतराव तेव्हा हयात होते. वयानं डोळे गेलेले, पण पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून शेजाऱ्याकडून एकेक खेळ ऐकत होते. म्हणजे माझी छाती आधीच फुगलेली. आमच्या चमूत श्रीपाद नावाचा बारा वर्षांचा पोरगा होता. मनोहरनंतर तसं अंग मी पाहिलं नव्हतं. लहानांच्या गटात उलटी उडी तोच मारणार होता. एवढ्या लहान मुलाची उडी दुसऱ्या कोणाकडेच नव्हती आणि बक्षिसाची ढाल आमचीच, यात मला शंका नव्हती.

आमची पाळी आली. सगळं ठीक चाललं. शेवटी श्रीपाद खांबाजवळ आला, वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. खांब यजमानांचा, आमच्या खांबापेक्षा उंच, मान जाड. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. आणि इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडातून निघालं, "जा श्रीपाद, जमेल तुला."

पुंडलिक मधे आला. पोरासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाला, "आज माराची का नाई? खरं सांग. मास्तरकडे नको पाहू, मायाकडे पाह्य."

श्रीपादनं मान हलवली. नाही.

पुंडलिक उठला, पंचांच्या टेबलाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्याकडून उडी आज होनार नाई. पोरगं तयार नाई." लोकांत कुजबुज झाली, मागून कोणीतरी शिटी मारली. एका पंचानं सुचवलं, मग तू मार. तो म्हणाला, "मी मारन. पन ते लहान्यांच्या गटात नाई धरल्या जानार, मले मालूम हाय." त्यानं श्रीपादला आपल्या जागी बसवलं, आपला कोट त्याच्या खांद्यावर टाकला, मग खांबावर चढला आणि सावकाश साध्या साध्या पकडी दाखवत वर गेला. घाई नाही, दिखावा नाही. बोंडावर उभा राहिला आणि उडी मारली. दोन पावलं. ढाल दुसऱ्या गावाच्या चमूला गेली.

मी संतापलो होतो. खोटं कशाला लिहू? माझ्या गावात, माझ्या वस्तादांपुढे मला खाली पाहायला लावलं, असंच तेव्हा वाटलं. तेवढ्यात गणपतराव वस्तादांनी पुंडलिकाला बोलावणं धाडलं. मीही मागोमाग गेलो. वस्तादांनी त्याचे हात चाचपले, मनगटापासून कोपरापर्यंत. उजव्या हातावर त्यांची बोटं थांबली.

"हे हाड मोडलं होतं."

"हाव, आजोबा."

"कोनं मोडलं?"

पुंडलिकानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच पडलो."

भोवती पंधरा-वीस माणसं होती. माझ्याबरोबर शिकलेले, माझ्याकडून शिकलेले. चांदूर बाजारच्या मळ्यात बोललो होतो ते तिघांत होतं. मी म्हटलं, "वस्ताद, मी मोडलं. उडी कच्ची होती. साहेबाला दाखवायला मारायला लावली." एवढं बोललो आणि राहवेना म्हणून पुढेही बोललो. "आज त्या लहान पोराचंही मोडलं असतं. यानं थांबवलं."

वस्तादांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "माया हाताखाली दोन पोट्टे मोडले. एक लंगडा झाला. म्या कोनाले सांगतलं नाई कधी." आणि पुंडलिकाचा हात थोपटत म्हणाले, "तुले कोनं शिकवलं रे हे, नाई म्हनाचं?"

"मायनं," पुंडलिक म्हणाला. "अन मास्तरनं रोज इचारलं, म्हून."

परतीच्या गाडीत पोरं हरल्याचं विसरून संत्री सोलत होती. बडनेरा जवळ आल्यावर पुंडलिक माझ्याशेजारी येऊन बसला. "मास्तर, रागावले हायेत का?"

"होतो. मागचं बोरगाव स्टेशन येईपर्यंत होतो."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि एक संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

श्रीपादनं ती उडी पुढच्या पावसाळ्यात आमच्याच आखाड्यात, आपल्या मर्जीनं मारली. तेव्हा पाहायला आम्ही चौघं होतो. तो पुढे पस्तिशीपर्यंत खेळला. मल्लखांबात हे वय म्हणजे थट्टा नव्हे.

पुंडलिकाला मी म्हटलं होतं, माझ्यानंतर इथली जागा तू घे. तो चांदूर बाजारला परतला. तिथे शाळेत व्यायामशिक्षक झाला आणि मळ्याच्या कडेला त्यानं स्वतःचा खांब रोवला. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे जाऊन आलो. पंचवीस-तीस पोरं, त्यात सात-आठ मुली. कोणी दोरीवर, कोणी खांबावर, कोणी नुसतंच मातीत लोळत. एक मुलगी खांबाच्या मध्यावर जाऊन थांबली होती आणि वर जावं की खाली यावं याचा शांतपणे विचार करत होती. तिला कोणी हाक मारत नव्हतं.

माझ्या डोळ्यांची जुनी खोड जाईना. मी पोरं निरखली आणि पुंडलिकाला विचारलं, "यातलं सगळ्यात चांगलं कोण निघेल रे?"

त्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. आता त्याच्याही कानांशी केस पिकलेले.

"काय मालूम, मास्तर," तो म्हणाला. "अजून लहान हायेत."